पुस्तकाचा वास

पुस्तकांचा वास घेणाऱ्या माणसांची मला किळस येते. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाईने उगाच डूख धरला. मी एका प्रकाशनात संपादक आहे. आमच्या कचेरीखालीच आमचं दुकान, आणि तिथे रोज एक तरी नग असा येतो की नव्या पुस्तकात नाक खुपसतो, डोळे मिटतो, "अहाहा" म्हणतो आणि पुस्तक फळीवर ठेवून चालता होतो. पूर्वी मला त्याचं फारसं काही वाटत नसे. डिंक आणि शाई एवढी आवडत असेल तर छापखान्यात नोकरी धर बाबा, इतकंच मनात म्हणायचे. पण माझ्या सासूबाईंच्या पुस्तकाचं जे झालं त्यानंतर असा माणूस दिसला की मी सरळ आत निघून जाते.

माझे सासरे, त्यांना आम्ही बाबा म्हणायचो, शेवटची तीन वर्षं अंथरुणाला खिळून होते. आधी आठवण गेली, मग चालणं, मग बाकीचं एकेक करून. त्यांचं सगळं सासूबाईंनी केलं. सगळं म्हणजे काय, ते नातेवाईक त्या एका शब्दातच उरकतात, कारण पुढे बोलायचं तर जेवण जात नाही. आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचो आणि रविवारी फळं घेऊन जायचो. माझा नवरा, त्यांचा एकुलता एक मुलगा, खोलीच्या दारातच उभा राहायचा, नाकाला रुमाल लावून. मला सर्दी आहे, बाबांना लागायला नको, असं सांगायचा. तीन वर्षं त्याची सर्दी काही गेली नाही.

बाबांना एक सवय लागली होती. सासूबाईंचा डावा हात हातात असल्याशिवाय त्यांना झोप येत नसे, आणि हात सोडवून घेतला की लगेच जाग यायची. म्हणून सासूबाई तासन्‌तास तशाच बसून राहायच्या. मोकळा काय तो उजवा हात, आणि त्या हातात फोन. त्या फोनवर उजव्या अंगठ्याने त्यांनी एक पुस्तक लिहिलं. आम्हाला कुणाला पत्ता नव्हता. बाबा गेल्यावर थोड्या दिवसांनी त्यांनी ते मला पाठवलं आणि सोबत एवढंच लिहिलं, की तुझ्या कामाचं आहे का बघ, नसेल तर तसं सांग, भीड धरू नकोस.

मी भीड धरणाऱ्यांतली नाही. नवऱ्याच्या आईचं पुस्तक म्हणजे नसतं झेंगट, ते गोड बोलून कसं परत करायचं याची वाक्यं जुळवतच मी ते उघडलं. वाचून झालं तेव्हा उठून बेसिनवर जाऊन तोंड धुतलं. त्यात रडारड नव्हती, उपदेश नव्हता. माणूस अंथरुणात असताना त्याच्याखालची चादर कशी बदलायची. जखमेला कुठला वास आला की घाबरायचं आणि कुठला आला तरी चालतो. मोठ्या मिनतवारीने भरवलेला घास त्याने अंगावर थुंकला आणि हात उगारावासा वाटला, तर तो हात कुठे ठेवायचा. भेटायला येणारे कुठे उभे राहतात, याचंही एक पान होतं. ते मी नवऱ्याला वाचून दाखवलं नाही. त्यानेही कधी मागितलं नाही. संपादक म्हणून मी दोन स्वल्पविराम हलवले, त्यातला एक सासूबाईंनी परत जागेवर नेऊन ठेवला. पुस्तकाचं नाव त्यांनीच दिलं होतं, 'एका हाताने'.

आमच्या मालकांना पुस्तक आवडलं. म्हणजे मी त्यांना थोडक्यात सांगितलं ते आवडलं. करारही तयार झाला. पण सासूबाईंची एक अट होती आणि ती पुरी झाल्याशिवाय त्या सही करायला तयार नव्हत्या. छापील पुस्तकाची जी किंमत तीच ई-बुकची किंमत. एका पैशाचा फरक नको.

मालकांनी मला त्यांची समजूत काढायला पाठवलं. मी गेले, आणि मला पटत होतं तेच बोलले. ज्यांच्यासाठी हे लिहिलंय ते आधीच औषधपाण्याने टेकीला आलेले असतात, त्यांना ई-बुक स्वस्तात मिळालं तर काय बिघडलं?

"दोन्ही स्वस्त करा, माझी ना नाही," सासूबाई म्हणाल्या. "पण हे वाचणाऱ्या बाईचा एक हात अडकलेला असतो गं. ती जाडजूड पुस्तक धरणार कशी नि पान उलटणार कशी? ती फोनवरच वाचणार, दिवा न लावता. म्हणजे खरं पुस्तक ते. त्याला फुकट म्हणायचं आणि कपाटात ठेवायच्या पुस्तकाला चारशे, हे मला नाही चालणार. फुकट राबायची माझी हौस फिटली."

मी ते शब्दन्‌शब्द मालकांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले की आपण कोण ठरवणार, वाचकांनाच विचारू.

वाचकांना विचारायची आमच्याकडे एक रीत आहे. तिला आम्ही भाव-बैठक म्हणतो. पुस्तक छापायला जायच्या आधी दुकानातल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांपैकी दहा-बारा जणांना बोलवायचं, चहा-बिस्किटं द्यायची, पुस्तक दाखवायचं आणि या पुस्तकाला तुम्ही किती द्याल ते एका चिठ्ठीवर लिहून घ्यायचं. मालकांचा या रीतीवर फार विश्वास. गिऱ्हाईक मनगटाने पुस्तक घेतं, असं त्यांचं ठाम मत आहे. हातात घेतलं की मनगटाला जे जाणवतं तीच किंमत. म्हणून ते लहान पुस्तकाला फुगीर कागद वापरतात, समास ऐसपैस सोडतात, आणि साठ पानांचा ऐवज दीडशे पानांवर पसरतात. आमच्याकडे एका पुस्तकाच्या खर्चात कागद-छपाईचा वाटा किती थोडा असतो, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. पण गिऱ्हाइकाला ते कशाला सांगायचं, असं ते म्हणतात.

बैठकीची खोली गोदामाच्या वर आहे. लांबलचक टेबल, त्यावर काच, काचेखाली जुन्या मुखपृष्ठांचे नमुने, आणि एकमेकींशी नातं नसलेल्या पंधरा खुर्च्या. लेखकाला बैठकीला बसता येतं, पण ओळख द्यायची नाही आणि तोंड उघडायचं नाही, असा नियम आहे. सासूबाई लवकर आल्या आणि भिंतीकडची खुर्ची धरून बसल्या. छापखान्यातून कच्च्या, म्हणजे नमुन्यादाखल छापलेल्या, प्रती नुकत्याच आल्या होत्या. मीच त्या पार्सलमधून काढल्या, कडा जुळवून टेबलावर मांडल्या. मुखपृष्ठावरचं हाताचं चित्र झकास उतरलं होतं. मालकांनी एकेका प्रतीवरून हात फिरवला आणि खूश झाले. सासूबाईंनी एक प्रत मागून घेतली, उघडली, दोन-चार पानं उलटली, मिटली आणि मांडीवर ठेवून दिली. आवडलं का म्हणून मी विचारलं तर म्हणाल्या, बघू आता या लोकांना आवडतंय का.

लोक आले. सगळ्यांची ओळख करून देत नाही, दोघांची पुरे. एक होते इस्त्रीच्या कडक शर्टातले गृहस्थ, ज्यांच्या घरी पुस्तकांसाठी स्वतंत्र खोली आहे. चहा येईपर्यंत त्यांनी ते दोनदा सांगितलं. दुसऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका, चष्म्याला साखळी लावलेल्या, आवाज मऊ. दोघंही आमची जुनी गिऱ्हाइकं.

पहिली फेरी ई-बुकची. प्रत्येकाला एकेक टॅब दिला आणि सांगितलं की आरामात वाचा. कडक शर्टवाल्यांनी दोन पानं सरकवली आणि टॅब खाली ठेवला. पडद्यावर त्यांचं मन लागत नाही म्हणे. पण मुख्याध्यापिका वाचत राहिल्या. हळूहळू त्यांचा चेहरा बदलला, चष्मा साखळीवर लोंबकळला, आणि त्या पदराने डोळे टिपायला लागल्या. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या टेबलाच्या काचेखालची चित्रं बघत होत्या, पण मान ताठ झाली होती. कुठल्याही लेखकाची होते. मला वाटलं, जिंकलं आपण.

मग मालकांनी विचारलं की या ई-बुकची रास्त किंमत काय, मोकळेपणाने बोला. आणि सगळ्यांना कंठ फुटला. कागद नाही, शाई नाही, ट्रक नाही, गोदाम नाही, मग पैसे कसले घेता? एकदा बटण दाबलं की हव्या तितक्या प्रती, यात तुम्हाला पडतं काय? एक बाई म्हणाल्या, एका कपभर कॉफीचे पैसे ठीक आहेत, त्यावर एक दमडी नाही. आणि या बाई आमच्यासमोर बिस्किटं रुमालात बांधत होत्या. एक तरुण मुलगा तेवढा मुद्द्याचं बोलला. ते पुस्तक मी मित्राला देऊ शकत नाही, विकू शकत नाही, उद्या दुकान बंद पडलं तर ते माझ्याकडे राहीलच याची खात्री नाही, मग पूर्ण किंमत का देऊ, असं त्याने विचारलं. त्याला उत्तर द्यायला हवं होतं. मालकांनी त्याला आणखी चहा दिला.

मुख्याध्यापिकांची चिठ्ठी मी स्वतः गोळा केली. तिच्यावर शून्य होतं. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी आपण होऊन खुलासा केला, की इतकं सुंदर आहे ना, हे सगळ्यांपर्यंत पोचायला हवं, असल्या गोष्टीचे पैसे घेणंच बरं नाही. दुसऱ्याच्या तीन वर्षांवर दानशूर व्हायला काही लागत नाही.

दुसरी फेरी छापील पुस्तकाची. मालकांनी सांगितलं की मजकूर तोच आहे, तुम्ही आत्ताच पाहिलात, आता फक्त हाताळा. प्रती या हातातून त्या हातात फिरू लागल्या. लोक त्या तळहातावर तोलत होते, कण्यावरून बोट फिरवत होते, मुखपृष्ठ उजेडात तिरकं धरत होते. एकीने पहिलं पान उघडलं, कोरं दिसलं, आणि सुरुवातीला एक कोरं पान असतंच म्हणून मिटलं. मुख्याध्यापिकांनी प्रत छातीशी धरली आणि म्हणाल्या, आता कसं पुस्तक वाटतंय.

कडक शर्टवाल्यांची पाळी आली. त्यांनी प्रत दोन्ही हातांत घेतली, नाकाखाली आणली, डोळे मिटले आणि अंगठ्याने पानं फर्रकन सोडली. पुन्हा एकदा. मग मान मागे टाकून, सगळ्यांना ऐकू जाईल असा श्वास सोडून म्हणाले, "हा वास. या वासाला तुमचं ते मशीन काय देणार?"

दोघा-तिघांनी लगेच आपापली प्रत नाकाला लावली. मला त्या वासाचं पान पाठ होतं. उन्हाळ्यात पाठीची जखम चिघळली तेव्हा सासूबाई तोंडाला कापड न बांधता ती कशी धुवायच्या, कारण कापड बांधलेला चेहरा पाहून बाबा घाबरायचे, ते त्यात होतं. ते पुस्तक छातीशी धरून ही माणसं हुंगत होती आणि गोड हसत होती. मला उठून खिडकी उघडावीशी वाटली.

चिठ्ठ्या जमल्या. मालकांनी आकडेमोड केली आणि त्यांचा चेहरा फुलला. छापील पुस्तकाला सरासरी चारशे दहा निघाले, आमच्या बैठकीत आजवर न निघालेला आकडा. ई-बुकची सरासरी सांगण्यासारखी नव्हती. मालकांनी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं की छापील पुस्तक चारशे दहाला, आणि ते घेणाऱ्याला ई-बुक भेट म्हणून फुकट. टाळ्या पडल्या.

तेव्हा सासूबाई उठल्या. नियम त्यांनी मोडला, पण आवाज चढवला नाही.

"मला एक विचारायचंय," त्या कडक शर्टवाल्यांना म्हणाल्या. "तुमचं वाचन चांगलं दिसतंय. मधलं कुठलंही पान काढा आणि दोन ओळी वाचून दाखवता का? मला जवळचं नीट दिसत नाही."

सासूबाई सुईत दोरा ओवतात ते चष्म्याशिवाय. पण गृहस्थांना ते कुठून माहीत असणार. त्यांनी घसा खाकरला, प्रत हातभर लांब धरली आणि मधलं पान उघडलं. मग पुढचं. मग मागचं. मग अंगठा जिभेला लावून भराभर पानं उलटायला लागले.

"हे कोरं आहे," ते म्हणाले.

सगळ्यांनी आपापली प्रत उघडली. सगळ्याच कोऱ्या होत्या, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत. झालं होतं असं की पुस्तक छापायच्या आधी बाइंडर त्याच कागदाच्या, तेवढ्याच पानांच्या काही कोऱ्या प्रती बांधून देतो. त्यांना आम्ही डमी म्हणतो. कणा किती रुंद होणार, मुखपृष्ठ बरोबर बसतंय का, ते त्यांवर बघायचं असतं. छापखान्याने डमीचं पार्सल वर पाठवलं होतं आणि छापलेल्या कच्च्या प्रती खाली जिन्याखाली पडून होत्या. बाहेरून दोन्हींत काडीचा फरक नाही. ज्यांचं पोट पुस्तकांवर आहे अशी आम्ही दोन माणसं, मी आणि मालक, आम्ही त्या प्रती मांडल्या, कुरवाळल्या, आणि आमच्यापैकी एकानेही उघडल्या नव्हत्या. लोक यायच्या आधी उघडली होती ती फक्त सासूबाईंनी.

आता यांची तोंडं पाहण्यासारखी होतील, असं मला वाटलं. मी वाट पाहत राहिले. कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळी खोली हसायला लागली. मोकळं, मस्त हसणं. कडक शर्टवाले म्हणाले, बघा, म्हणजे कागद किती उत्तम प्रतीचा आहे. मुख्याध्यापिकांनी मला बाजूला घेऊन विचारलं की कोरी असली तरी ही प्रत मी नेऊ का, नातीला लिहायला होईल. माझी चिठ्ठी परत द्या, मी आकडा बदलतो, असं एकही जण म्हणाला नाही. तो मुद्द्याचं बोलणारा मुलगादेखील नाही. तो कोऱ्या पानाचा फोटो काढत होता.

सगळे गेल्यावर मालकांनी आम्हा दोघींना त्यांच्या केबिनमध्ये बसवलं. मला वाटलं माफी मागतील. त्यांचे डोळे चमकत होते.

"ताई, तुमच्यामुळे मला एक कल्पना सुचली," ते म्हणाले. "आपण हे असंच काढू या. कोरं. हेच मुखपृष्ठ, हेच नाव. आपल्या माणसाच्या आठवणी ज्याने त्याने आत लिहायच्या. आणि शेवटच्या पानावर तुमचं ई-बुक फुकट मिळायची सोय. धो धो खपेल."

सासूबाईंनी ऐकून घेतलं. मग विचारलं की वर नाव कुणाचं? तुमचंच, मालक म्हणाले, तुमचा मान आहे तो.

"कोऱ्या पानांवर माझं नाव नको," सासूबाई म्हणाल्या. "ती मी लिहिलेली नाहीत."

त्यांनी पिशवी उचलली. सही केलेली नव्हती, तेवढं एक बरं झालं. जिन्यावर मी त्यांची माफी मागायला लागले तर म्हणाल्या की पायऱ्या बघून उतर.

मी या प्रकारानंतर राजीनामा तोंडावर फेकला असेल, असं कुणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. घराचे हप्ते आहेत. मी अजून तिथेच आहे, आणि ती कोरी पुस्तकं आता आमच्याकडे तीन रंगांत मिळतात. मुखपृष्ठावर हाताऐवजी पिसाचं चित्र आहे. कडक शर्टवाल्यांनी तिन्ही रंग घेतले.

'एका हाताने' आम्ही दोघींनीच काढलं, सासूबाईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून. फक्त ई-बुक. एका ऑनलाइन दुकानात ते चढवताना किमतीचा रकाना आला तेव्हा मी थांबले.

"कोऱ्या पुस्तकाला काय भाव आला होता?" त्यांनी विचारलं.

चारशे दहा, मी म्हटलं.

"मग तोच घाल. लिहिलेलं म्हणून कमी नको करूस."

या भावात कुणी घेणार नाही, असं मी परोपरीने सांगितलं. नाही घेतलं तर नाही, म्हणाल्या. कोण घेतं, कोण नाही, निदान कळेल तरी. झालं मी म्हटलं तसंच. पहिला अभिप्राय आला तो एका ताऱ्याचा, की एवढ्या पैशांत छापील पुस्तक येतं, ही लूट आहे. या सद्गृहस्थांनी पुस्तक घेतलंही नव्हतं. मग तसेच आणखी काही. मी ते वाचून संतापाने लाल व्हायचे आणि सासूबाई शांतपणे विचारायच्या की आज कुणी घेतलं का. एखाद्या दिवशी कुणी घेतलेलं असायचं. त्या माणसांकडून अभिप्राय येत नसत. त्यांना वेळ नसणार, हे सासूबाईंना माहीत होतं.

त्यानंतर एका रविवारी सासूबाई आमच्याकडे होत्या. दुपारची वेळ, आम्ही दोघी वाटाणे सोलत होतो. नवरा चहा करून घेत होता. त्याच्या कचेरीत कुणाचे तरी वडील आजारी होते आणि त्या माणसाने याला विचारलं होतं, की ते पुस्तक तुझ्या आईचं ना? तेव्हा कुठे साहेबांना पुस्तकाची आठवण झाली.

"आई, ती फाईल पाठव ना मला," तो म्हणाला.

"दुकानात आहे," सासूबाई म्हणाल्या.

"घरच्या माणसाने काय विकत घ्यायचं?"

"घरच्या माणसाला खरं तर दुप्पट किंमत लावायला हवी. पण दुकानात तशी सोय नाही. आहे त्या भावात घे."

तो हसला. मग माझ्याकडे पाहिलं, मी वाटाण्यात मान घातलेली. मग त्याला कळलं की ही थट्टा नाही, आणि तो वाद घालायला लागला. कागद नाही, छपाई नाही. एक प्रत मला दिली तर तुझी कमी होणार आहे का? आणि शेवटी, अगदी साधेपणाने, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं त्याने विचारलं, "नाही तरी तुला यात पडलं काय?"

बैठकीच्या खोलीत मला जी शिसारी आली होती ती याच्यापुढे काहीच नव्हती. तिथली माणसं परकी होती. हा माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या कपात चहा ओतत होता. मी काहीतरी जहरी बोलणार होते, पण सासूबाईंनी हातातली शेंग ठेवली, हात पदराला पुसला आणि डावा हात त्याच्यापुढे टेबलावर ठेवला.

"धर," त्या म्हणाल्या. "मी सांगेपर्यंत सोडायचा नाही. दुसऱ्या हाताने विकत घे, आणि वाच."

काय नाटक आहे, असं पुटपुटत तो बसला. पण हात धरला. डाव्या हाताने हात धरून उजव्या अंगठ्याने दुकान उघडायचं, कार्डाचा आकडा घालायचा, चुकला की पुन्हा घालायचा, यात त्याचा चहा निवला. घेतलं एकदाचं. मग वाचायला लागला. सुरुवातीला पान सरकवताना उसासे टाकत होता, मग टाकेनासा झाला. सासूबाई एका हाताने शेंगा सोलत होत्या. ते त्यांना छान जमत होतं. मी उठले नाही. कुठलं पान केव्हा येणार ते मला माहीत होतं, आणि मला त्याचा चेहरा बघायचा होता.

ते पान आलं. ते असं आहे:

'रविवारी एक जण येतो आणि दारात उभा राहतो. चेहऱ्यावर रुमाल धरलेला असतो. मी त्याला दोष देत नाही. खोलीला वास आहेच. पण हे त्याला ओळखत नाहीत. दर रविवारी मला विचारतात, तो माणूस रडतोय का गं? कोण गेलं त्याचं? त्याला आत बोलाव, माझ्याजवळ बसव. मी सांगते, तो रडत नाहीये. यांना पटत नाही. तो गेला तरी बराच वेळ दाराकडे बघून म्हणत राहतात, बिचारा.'

त्याचा अंगठा थांबला. ते पान सरकेना. माझा सगळा राग बाहेर यायला टपला होता, आणि त्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर मला तो कुठे ठेवायचा ते कळेना.

"बाबा खरंच असं म्हणायचे?" त्याने विचारलं.

"लिहिलंय तसंच," सासूबाई म्हणाल्या. "महाग पडलं का रे?"

त्याने मान हलवली. त्याचा उजवा हात फोन सोडून सवयीने खिशाकडे गेला, रुमाल अर्धा बाहेर आला, आणि त्याने तो परत आत कोंबला. बाहीला तोंड पुसलं. डावा हात अजून आईच्या हातात होता, आणि सोड असं काही त्या अजून म्हणाल्या नव्हत्या.